वाकलेली निब

फाउंटन पेन टोकावर पडून निब वाकली की पहिला मोह होतो तो ती तिथल्या तिथे नखाने दाबून सरळ करण्याचा. वाकडेपणा डोळ्यांना दिसत असतो, तो कोणत्या दिशेला आहे हेही दिसत असते, आणि पत्रा इतका पातळ असतो की बोटाच्या जोराने तो हवा तसा वळेल अशी खात्री वाटते. तो वळतोही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. घाईने वळवलेली निब एका ठिकाणी सरळ होते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्याने वाकते. मूळचा एक दोष होता तिथे दोन होतात. म्हणून निबेची दुरुस्ती हाताने सुरू होत नाही, ती भिंगाने सुरू होते, असे मी मानतो. बिघाड निबेच्या आकारात आहे, चिरेत आहे की धातूच गेला आहे, हे कळल्याशिवाय तिला हात लावू नये. आणि हात लावायचाच झाला तर धातू हलवावा, कमी करू नये. हलवलेला धातू पुन्हा हलवता येतो, घासून काढलेला परत येत नाही. या लेखात पुढे जे काही लिहिले आहे ते बहुतेक याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

निबेकडे नीट पाहायचे तर ती काय करते हे आधी लक्षात घ्यायला हवे. वळवलेला पत्रा, त्याच्या मधोमध चीर, चिरेच्या मागच्या शेवटी एक छिद्र, चिरेमुळे वेगळी झालेली दोन पाती आणि पात्यांच्या टोकाशी कठीण धातूचा बारीक मणी, एवढीच तिची रचना. मणीही चिरेने मधोमध कापलेला असतो. छिद्रामुळे चिरेच्या शेवटाशी ताण एकवटत नाही आणि पत्रा तिथून पुढे फाटत नाही. निबेच्या पोटाशी चिकटून जीभ बसते. ती पूर्वी एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असे, आता बहुधा प्लास्टिकची असते. जिभेतल्या बारीक खाचांतून शाई पुढे येते आणि तिची जागा घ्यायला हवा मागे जाते. शाई आणि हवा यांची ही देवाणघेवाण नियंत्रणात ठेवणारी जीभ हाच १८८४ मध्ये ल्युइस वॉटरमन यांना मिळालेल्या पेटंटचा गाभा होता. शाई चिरेपर्यंत आली की पुढचे काम केशाकर्षणाचे. वाट जितकी अरुंद, तितकी द्रवाची ओढ अधिक, म्हणून चांगल्या निबेची चीर छिद्रापाशी किंचित रुंद असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. मण्यापाशी दोन्ही बाजू एकमेकींना जेमतेम टेकलेल्या किंवा टेकण्याच्या बेतात असतात. लिहिताना पडणाऱ्या हलक्या दाबाने त्या किंचित विलग होतात आणि शाई कागदाला भेटते. सारे पेन या निमुळत्या वाटेवर अवलंबून असते. टाकी कितीही भरलेली असो, टोकापाशी चीर छिद्राहून रुंद झाली तर शाई मध्येच थांबते, कारण पुढच्या रुंद जागेत तिला ओढून नेणारे बळ कमी पडते. पेन झटकले की तेवढ्यापुरता एक ठिपका पडतो आणि पुन्हा कोरडेच.

दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि मागे पांढरा उजेड, इतक्या साहित्यावर तीन चतुर्थांश निदान होते. निब उजेडासमोर धरली की चिरेतून प्रकाशाची रेघ दिसते. ती टोकाकडे बारीक होत नाहीशी होत असेल तर चीर ठीक आहे. ती टोकाकडे रुंदावत असेल तर पाती फाकलेली आहेत. ती छिद्रापासूनच दिसत नसेल तर पाती एकमेकांवर आवळलेली आहेत आणि पेन कोरडे लिहिणार. मग निब समोरून, म्हणजे मणी डोळ्याकडे करून पाहावी. दोन्ही अर्धे एका पातळीत आहेत का, एक खाली एक वर आहे का, की एक पाते स्वतःभोवती किंचित पिळले आहे? पिळलेले पाते साध्या डोळ्याला सरळच वाटते, आणि घाईची दुरुस्ती बहुधा इथेच फसते. शेवटी बाजूने पाहावे. जिभेच्या आणि निबेच्या मध्ये फट दिसली तर निब जिभेवरून उचलली गेली आहे, आणि चीर कितीही निर्दोष असली तरी तिला शाई मिळणार नाही.

अर्थात प्रत्येक बंद पेनाची निब बिघडलेली नसते. वाळलेली शाई आणि चिरेत अडकलेला कागदाचा तंतू, ही दोन कारणे आधी बाजूला सारावीत. साध्या, कोमट नव्हे तर थंडच पाण्याने पेन धुवावे, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे, आणि मग चिरेतून पितळेचा अतिपातळ पत्रा एकदा अलगद फिरवावा. ०.०५ मि.मी. जाडीचा पत्रा पुरतो. ब्लेड घालू नये. ब्लेडचे पोलाद निबेच्या धातूहून कठीण असू शकते आणि चिरेच्या आतल्या भिंतींवर ओरखडे उठतात. स्पिरिटही टाळावे, कारण पेनांच्या अंगासाठी वापरले जाणारे कित्येक प्रकारचे प्लास्टिक त्याने तडकते किंवा धुरकट होते.

निब खरोखरच बिघडली असेल, तर सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे पाती वरखाली होणे. अशी निब कागदावर खरखरते, पण सर्व दिशांना सारखी नाही, आणि हा फरकच निदानाला उपयोगी पडतो. पेनाचा दांडा सरळ स्वतःच्या छातीकडे येईल असे धरून एक रेघ डावीकडून उजवीकडे ओढावी आणि दुसरी उजवीकडून डावीकडे. उजवीकडे जाताना अडखळत असेल तर डावे पाते खाली आलेले असते, कारण त्याची आतली कड पुढे होऊन कागदात रुतते. डावीकडे जाताना अडखळत असेल तर उजवे. देवनागरी लिहिणाऱ्याला हा दोष फार लवकर कळतो. आपल्या प्रत्येक शब्दावर डावीकडून उजवीकडे जाणारी एक लांब सरळ रेघ असते, आणि डावे पाते केसभर जरी खाली असले तरी शिरोरेषा ओढताना बोटांना ते जाणवते. काना खाली येताना मात्र तीच निब गुळगुळीत वाटते. त्यामुळे ‘कधी नीट लिहिते, कधी लिहीत नाही’ अशी तक्रार घेऊन कोणी पेन दाखवले की मी आधी शिरोरेषेबद्दल विचारतो.

हा दोष काढणे सोपे आहे, पण त्याआधी जीभ मध्यावर बसली आहे का हे पाहायला हवे. जीभ किंचित तिरकी असेल तर ती एका पात्याला वर ढकलत राहते, आणि पाते कितीही वेळा सरळ केले तरी ते पुन्हा तसेच होते. जीभ मध्यावर असल्याची खात्री झाली की खाली आलेले पाते नखाने किंचित वर उचलून काही क्षण धरावे, सोडावे, भिंगातून पाहावे. फरक पडला नसेल तर पुन्हा, थोडे अधिक. इथे एक गोष्ट हाताला शिकावी लागते. धातू एका मर्यादेपर्यंत वाकवला तर सोडल्यावर तो जसाच्या तसा परत येतो. ती मर्यादा ओलांडली तरच नवा आकार धरतो. म्हणजे पाते हवे तिथे आणायचे तर ते हवे त्याच्या थोडे पलीकडे न्यावे लागते, आणि ते ‘थोडे’ किती हे प्रत्येक निबेचे वेगळे. पोलादी निब जास्त उसळून परत येते, म्हणून ती जास्त पलीकडे न्यावी लागते आणि त्यात चूक होण्याची शक्यता वाढते. १४ कॅरटच्या निबेत ५८.५ टक्के सोने असते, १८ कॅरटमध्ये ७५ टक्के. या निबा सहसा अधिक सहजपणे नवा आकार घेतात. पण सोने असो वा पोलाद, पुन्हा पुन्हा वाकवलेला धातू त्या जागी कडक होत जातो आणि शेवटी तिथेच चिरतो. तार पुढे-मागे वाकवून तोडतात ती याच गुणामुळे. निबेला मिळणाऱ्या संधी मोजक्या असतात, हे ध्यानात ठेवूनच प्रत्येक वेळी नख लावावे.

मावशीचे पेन माझ्याकडे आले तेव्हा त्याचा दोष यापेक्षा कितीतरी मोठा होता. जुने पेन, १४ कॅरटची निब, एबोनाइटची जीभ. ते उघडे असताना फरशीवर पडले होते आणि उजवे पाते मण्याच्या थोडे मागे वर वळून गेले होते. डाव्या पात्याला धक्का कमी बसला होता, पण तेही आपल्या रेषेतून सरकले होते. मावशीने पेन हातात देताना एवढेच म्हटले, “निब बदललीस तरी हरकत नाही रे, पण अक्षर माझंच उमटायला हवं.” मला तेव्हा ही अट प्रेमापोटी घातलेली वाटली. निब भिंगाखाली धरल्यावर तिच्यामागचे कारण दिसले.

मण्याच्या पोटाला एक सपाटी होती. नव्या निबेचा मणी गोलसर घडवलेला असतो. वर्षानुवर्षे एकाच हाताने, एकाच कोनात लिहिले की तो कागदाशी घासून त्या कोनापुरता सपाट होतो. कागद धातूला घासू शकतो हे पटायला जड जाते, पण कागदात खनिजांची पूड असते आणि लिहिताना मणी कागदावरून किती अंतर चालतो याचा हिशेबच होत नाही. मावशी पेन थोडे डावीकडे कलते धरते. मण्यावरची सपाटी तेवढीच डावीकडे कलती होती, तिच्या कडा मऊ झालेल्या होत्या आणि भिंगात ती बाकीच्या मण्याहून जास्त चमकत होती. याच सपाटीमुळे तिच्या आडव्या रेघा उभ्या रेघांपेक्षा किंचित भरदार येत. दुसरी कोणतीही निब बसवली असती तर ती लिहिली असती, कदाचित अधिक गुळगुळीत लिहिली असती, पण ते अक्षर तिचे राहिले नसते. त्या क्षणी ठरले की ही निब सरळ करायची आणि मण्याला अजिबात हात लावायचा नाही.

पेनाचा पुढचा भाग रात्रभर पाण्यात ठेवून सुकलेली शाई सुटू दिली. मग निब आणि जीभ रबराच्या तुकड्यात एकत्र पकडून, न पिळता सरळ बाहेर ओढली. ओढण्यापूर्वी निब किती बाहेर होती याची खूण कागदावर करून घेतली, कारण बसवताना ती त्याच खोलीवर जायला हवी. सुटी झालेली निब भिंगाखाली धरली तेव्हा वाकलेल्या जागेवर एक बारीक, निस्तेज पट्टी दिसत होती. बाकीचा पत्रा आरशासारखा उजेड परत करत होता आणि ती पट्टी करत नव्हती. धातू मर्यादेपलीकडे ताणला गेला होता तो नेमका तिथेच, आणि दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी लागते. सर्वसाधारणपणे माणूस टोक पकडून खाली दाबतो. तसे केले तर मूळचा वाक तसाच राहतो आणि त्याच्या पुढे उलट दिशेचा दुसरा वाक तयार होतो. बाजूने पाहिले तर पाते लाटेसारखे दिसू लागते. म्हणून निब तिच्याच गोलाईच्या लाकडी दांड्यावर पालथी ठेवली आणि पितळेच्या गुळगुळीत सळईने निस्तेज पट्टीच्या मुळापासून टोकाकडे, एकेका हलक्या दाबाने, घासत नव्हे तर लोटत गेलो. मण्याला पक्कड लावली नाही. मणी निबेच्या धातूला टोकाशी फक्त जोडलेला असतो. पकडीत पिरगळला गेला तर तो निखळू शकतो, आणि निखळला तर सगळे तिथेच संपते.

पाते सरळ झाल्यावर पिळ काढला, पिळ काढल्यावर दोन्ही पाती एका पातळीत आणली, आणि शेवटी चीर पाहिली. क्रम बदलला तर एक काम दुसऱ्याला मोडते. चीर टोकाशी उघडी राहिली होती. ती मिटवायला दोन्ही पाती आळीपाळीने एकमेकांवरून किंचित ओलांडून नेली, तेवढ्याने ती आतल्या बाजूला येऊन टेकली. उजेडाची रेघ पुन्हा निमुळती दिसू लागली. निस्तेज पट्टी पूर्ण गेली नाही. ती पॉलिश करून घालवता आली असती, पण तिथला पत्रा आधीच ताणलेला होता आणि तो आणखी पातळ करण्यात मला अर्थ दिसला नाही. मावशीने लिहून पाहिले, दोन ओळींनंतर म्हणाली, “शाई जरा जास्त उतरते आता.” ते खरे होते. चीर पूर्वीइतकी घट्ट मिटलेली नव्हती, आणि ती आणखी मिटवण्यासाठी पाती पुन्हा वाकवावी लागली असती. तिला विचारले तेव्हा तिने राहू दे म्हटले. निब जशी होती तशी झाली नाही. पण मण्यावरची सपाटी जागच्या जागी होती आणि आडव्या रेघा पूर्वीसारख्याच भरदार येत होत्या.

याच अनुभवामुळे पॉलिशच्या कागदाबद्दल माझे मत कडक आहे. निब खरखरते म्हणून ती अतिसूक्ष्म पॉलिश-कागदावर गिरवावी, हा सल्ला फार सहज दिला जातो. मायक्रोमेशचा १२००० क्रमांकाचा कागद बोटाला कापडासारखा मऊ लागतो, आणि म्हणूनच तो निरुपद्रवी वाटतो. तो निरुपद्रवी नाही. खरखर बहुतेक वेळा पाती वरखाली असल्यामुळे असते. तशी निब कागदावर घासली तर खाली आलेल्या पात्याचा मणी झिजून दोन्ही एका पातळीत आल्यासारखे होतात, खरखर थांबते आणि दुरुस्ती झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात एका बाजूचा मणी कायमचा कमी झालेला असतो. पुढे कधी पाते त्याच्या खऱ्या जागी आणले तर आता दुसरे पाते खाली येते. याहून वाईट म्हणजे जास्त घासण्याने चिरेच्या दोन्ही आतल्या कडा गोल होतात. मग मण्याचे दोन्ही गोल पोट कागदाला टेकतात पण चिरेचे तोंड कागदापासून वर राहते. शाई तोंडापर्यंत आलेली असते, तिला कागद भेटत नाही. असे पेन लोण्यासारखे सरकते आणि प्रत्येक शब्दाचे पहिले वळण कोरे सोडते. कित्येक नव्या निबांतही हा दोष कारखान्यातूनच येतो, आणि तो काढायला मात्र मण्याचे पोट थोडे सपाट करून चीर कागदापर्यंत आणण्याखेरीज उपाय नसतो. म्हणजे घासण्याला जागा आहे. ती शेवटची जागा आहे. घासायचेच असेल तर निबेत शाई असावी, पेनाचा स्वतःचाच भार पुरेसा मानावा, नेहमीच्या कोनात मोजके आकडे काढावेत आणि थांबून लिहून पाहावे. ज्या मण्यावर एखाद्याच्या हाताची सपाटी तयार झाली आहे, तो मणी तर घासूच नये.

आता ज्या निबा सुधारत नाहीत त्यांच्याविषयी. छिद्रापासून कडेकडे गेलेली चिरण, तुटलेले पाते, निखळलेला मणी, किंवा शाईतल्या आम्लाने खाल्लेला पत्रा. आयर्न गॉल प्रकारच्या, म्हणजे लोहाचे क्षार आणि माजूफळ यांपासून बनणाऱ्या, शाया आम्लधर्मी असतात. साध्या पोलादाच्या निबेत त्या दीर्घकाळ भरून ठेवल्या तर धातूवर बारीक खड्डे पडतात, सोन्यावर त्यांचा असा परिणाम होत नाही. खड्डे पडलेल्या निबेला सरळ करण्यासारखे काही नसते.

मणी गेलेल्या सोन्याच्या निबेची गोष्ट वेगळी आहे, कारण तिला नवा मणी बसवता येतो. हे काम करणारे कारागीर जगात थोडे आहेत, आणि ते थोडे का आहेत हे कामाकडे पाहिले की समजते. १८०३ मध्ये स्मिथसन टेनंट यांनी इरिडियम आणि ऑस्मियम ही मूलद्रव्ये शोधली, आणि पुढे काही दशकांत सोन्याच्या निबेला अशा कठीण धातूचे टोक देण्याची कल्पना रुजली. सोने मऊ आहे, कागदावर झपाट्याने झिजते. हा मणी झिजत नाही असे नाही, पण तो माणसाच्या बऱ्याच लिखाणाला पुरतो. आजच्या मण्यांत ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा धातूंची मिश्रणे असतात, इरिडियम बहुधा नसतेच, तरी निबेवर त्याचे नाव कोरलेले आढळते. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि इरिडियम २४४६ अंशांना. या दोन जातीच्या धातूंना टोकावर, वाळूच्या कणाएवढ्या जागेत, सोने वाहून न जाता जोडायचे. मग तो मणी मूळ चिरेच्या बरोबर रेषेत कापायचा. मग त्याला लिहिता आकार द्यायचा. उष्णतेने जवळच्या पात्याचा ताठपणाही कमी होतो आणि तो परत आणावा लागतो. नवा मणी नव्या हाताचा असतो. जुनी सपाटी त्याच्याबरोबर येत नाही. तरीही पेन आणि निब एकत्र राहतात, आणि ज्या पेनांच्या निबा आता कोणी बनवत नाही त्यांच्यासाठी हाच एक मार्ग उरतो.

बाकीच्या निबा बदलाव्यात, आणि बदलताना मनात कमीपणा बाळगू नये. निब बदलणे ही फाउंटन पेनाच्या घडणीतच धरलेली गोष्ट आहे. एस्टरब्रुक या अमेरिकी कंपनीने १९३०च्या दशकापासून आपल्या पेनांना स्क्रूसारखी फिरवून बसणारी निब दिली, प्रत्येक प्रकारच्या निबेला क्रमांक दिला, आणि वापरणाऱ्याने स्वतःच ती बदलावी अशी व्यवस्था केली. पेलिकनच्या अनेक पेनांत निब आणि जीभ मिळून एकच तुकडा आजही तसाच फिरवून निघतो. लामीच्या सफारीसारख्या पेनात तर निब जिभेवरून पुढे सरकवली की हातात येते. निसटत असेल तर तिच्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून ओढावी. याउलट पार्कर ५१सारख्या, १९४१ साली बाजारात आलेल्या पेनात निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते आणि तिच्यापर्यंत पोहोचायलाच पेन उघडावे लागते. तिथे घरगुती हौस आवरावी.

निब घेताना सर्वांत जास्त फसगत होते ती क्रमांकांमुळे. योवो आणि बॉक या जर्मन कारखान्यांच्या निबा कितीतरी पेनांत बसवलेल्या असतात, आणि दोघांच्याही ‘६ क्रमांक’च्या निबा असतात. वरून पाहिल्यास दोन्ही सारख्याच मोठ्या. पण त्यांची बुडाकडची गोलाई, जीभ आणि ती ज्या नळीत बसते तिचे आटे वेगळे असतात. एकाची निब दुसऱ्याच्या जिभेवर जबरदस्तीने बसवली तर पत्रा जिभेला नीट चिकटत नाही आणि शाई मध्येच तुटते. शक्य असेल तिथे निब, जीभ आणि नळी असा पूर्ण संच घ्यावा; ते शक्य नसेल तर जुनी निब समोर ठेवून बुडाचा व्यास, लांबी आणि गोलाई या तिन्ही गोष्टी मोजाव्यात. टोकाच्या जाडीवरही विसंबू नये. जपानी कारखान्याची ‘फाइन’ सहसा युरोपीय ‘फाइन’पेक्षा बारीक असते. ज्यांचे अक्षर लहान आहे त्यांना हा फरक लगेच कळतो, कारण जाड टोकाने लिहिलेल्या लहान ‘क्ष’ची आणि ‘ष’ची पोटे शाईने भरून जातात आणि अक्षर ओळखू येईनासे होते.

बसवताना चीर जिभेच्या मध्यरेषेवर यावी आणि निब जुन्या खुणेइतकीच बाहेर राहावी. ती जास्त बाहेर राहिली तर टोपण लावताना टोक आतून आपटते, आणि नव्या निबेचा पहिला वाक टोपणातच पडतो. जीभ एबोनाइटची असेल आणि निबेशी तिचा मेळ बसत नसेल, तर दोन्ही एकत्र पकडून उकळीच्या खालच्या गरम पाण्यात काही क्षण धरावीत आणि जीभ नरम असतानाच निबेवर हलके दाबून गार होऊ द्यावी. एबोनाइट तो आकार धरून ठेवते. गरम पाण्याने त्याचा काळा रंग थोडा उतरतो, पण जीभ निबेखाली असल्याने ते फारसे दिसत नाही. पेनाचे अंग मात्र अशा पाण्याजवळ नेऊ नये. प्लास्टिकच्या जिभांवर हा उपाय भरवशाचा नाही. त्यांची फट काढायची तर निबेचीच बैठक सुधारावी लागते.

नव्या निबेत पहिल्यांदा ओळखीचीच शाई भरावी. शाईही नवी आणि निबही नवी असली की पेन कोरडे लिहिते ते कोणामुळे, हे सांगता येत नाही. भरल्यावर लगेच निकाल काढू नये; जीभ पूर्ण भिजायला वेळ लागतो. पानभर लिहावे, टोपण लावून पेन रात्रभर ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी ते पहिल्या रेघेला उठते का ते पाहावे. काढलेली पोलादी निब निकामी झाली असेल तर ती ठेवण्यात अर्थ नाही. सोन्याची मात्र मी टाकत नाही. ती धुऊन, कागदात गुंडाळून, कोणत्या पेनातली आणि तिचे काय बिघडले ते त्या कागदावरच लिहून ठेवतो. मणी गेला असला तरी तिच्यावर नवा बसू शकतो, आणि त्या पेनाच्या जिभेची गोलाई तिच्याइतकी दुसऱ्या कोणत्या निबेला जुळत नाही.